मन भरून आलं की हात डब्याकडे जातो: भावनेच्या भरात खाणं आणि ख्रिस्ती विश्वास, नेहमी येणारे प्रश्न

आमच्या मराठी प्रार्थना ग्रुपमध्ये म्हापसा, फोंडा, वास्को अशा सगळीकडचे लोक आहेत, काही जणी सावंतवाडी-दोडामार्गातून लग्न होऊन गोव्यात आल्या, काही जण कोल्हापूर-मिरजेकडून नोकरीला आले, कॅथलिक आहेत, प्रोटेस्टंट आहेत. खाण्याबद्दलचे प्रश्न बहुतेक रात्री उशिरा येतात आणि बहुतेक वेळा शेवटी "कोणाला सांगू नका हां" असतं. तेच तेच परत विचारलं जातं म्हणून एका ठिकाणी लिहून ठेवलंय. कोणाची ओळख पटेल असं काही ठेवलेलं नाही. मी डॉक्टर नाही, त्यामुळे जिथे डॉक्टरचं काम आहे तिथे सरळ तसं लिहिलंय.

१. इमोशनल इटिंग म्हणजे नक्की काय? मला खायला आवडतं, मग मला पण हे आहे का?

खायला आवडणं वेगळं. रविवारी शागुती-वडे झाले आणि दोन वडे जास्त गेले तर त्यात काही बिघडलं नाही. इमोशनल इटिंग म्हणजे पोटात भूक नसताना मनातलं काहीतरी दाबायला खाणं. ऑफिसात झापलं, सासूशी वाजलं, घरात कोणी नाही, किंवा नुसता कंटाळा आलाय, आणि हात आपोआप फरसाणाच्या डब्यात. खाताना थोडा वेळ बरं वाटतं, आणि ते खरंच वाटतं, गोड-तेलकट पोटात गेलं की मेंदू सुखावतोच. पण जे दाबायचं होतं ते तिथेच बसलेलं असतं. अधूनमधून हे सगळ्यांचं होतं. दुःख झालं की खाणं हा एकच रस्ता उरलाय आणि ते घरच्यांपासून लपवावं लागतंय, असं झालं की मात्र लक्ष द्यायला पाहिजे.

२. खरी भूक कुठली आणि मनाची कुठली, हे ओळखायचं कसं?

पोटाची भूक हळूहळू वाढते आणि तिला साधं काहीही चालतं. मनाची भूक एकदम येते आणि तिला एकच वस्तू हवी असते. आमच्यातल्या एका ताईंनी सांगितलेलं अगदी डोळ्यांसमोर उभं राहतं: संध्याकाळी पोदेराचा (सायकलवरून पाव विकणाऱ्याचा) भोंगा वाजला की त्या खाली जायच्या, चार गरम पोई (गोव्याचे पाव) घ्यायच्या, एक चहाबरोबर खायच्या, आणि मग बाकीच्या तिन्ही ओट्यापाशी उभ्याउभ्या, बटर लावून, खिडकीतून बाहेर बघत, मुलं ट्यूशनवरून यायच्या आत. त्यांना पोईची चव विचारली तर पहिलीचीच आठवायची.

स्वतःला एक विचारून बघा: आत्ता कोणी नुसता भात आणि सोलकढी पुढे ठेवली तर मी खाईन का? हो असेल तर जेवा, भूक खरी आहे. आणि हे पण बघा की सकाळी फक्त चहा, दुपारी अर्धी चपाती असं चाललंय का, कारण मग संध्याकाळी सहाला जे होतं ती मनाची वगैरे काही नाही, दिवसभर उपाशी ठेवलेल्या शरीराचीच भूक असते. झोप कमी झाली तरी भूक वाढते. नाइट ड्युटी करणाऱ्या नर्सेस आणि हॉटेलवाले यांचा निम्मा प्रश्न तिथेच आहे असं माझं मत.

३. हे पाप आहे का? खादाडपणा तर सात महापापांत येतो ना?

भूक पाप नाही आणि आवडीने जेवणंही नाही. येशू लोकांच्या घरी जेवायला जायचा म्हणून त्यालाच लोकांनी खादाड म्हणून नावं ठेवली होती, मत्तय ११:१९ मध्ये तो स्वतःच ते सांगतो. सात महापापांची यादी सहाव्या शतकात पोप ग्रेगरी यांनी बसवली आणि खादाडपणा त्यात आहे, हे खरं. पण कॅथलिक शिकवणीत एखादं पाप मरणप्राय (मॉर्टल, म्हणजे सगळ्यात गंभीर) ठरायला विषय गंभीर लागतो, पूर्ण जाणीव लागते आणि मनापासून संमती लागते, आणि सवय, भीती, मनाचा आजार यांनी माणसाची जबाबदारी कमी होते हेही चर्चच शिकवतं. रडत रडत अर्धा किलो मिठाई संपवणारी बाई ऐष करत नसते. तुमच्या बाबतीत नक्की काय ते कन्फेशनमध्ये (फादरपुढे पापांची कबुली देताना) बोला, तिथे ते नीट उलगडतं. मला स्वतःला मात्र खाण्यापेक्षा त्याच्याभोवतीचं लपवणं जास्त घातक वाटतं, कारण लपवता लपवता माणूस देवापासूनही तोंड फिरवतो.

४. मी रोज प्रार्थना करते, रोझरी चुकवत नाही, तरी रात्री फ्रीज उघडतेच. माझा विश्वास कमी आहे का?

नाही. हे मी अगदी ठामपणे सांगते कारण हाच प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि विचारणारी बाई विचारतानाच स्वतःला दोषी ठरवून मोकळी झालेली असते.

१ राजे १९ वाचा. एलीया म्हणजे केवढा मोठा संदेष्टा, आधीच्याच अध्यायात कर्मेल डोंगरावर त्याच्या प्रार्थनेने आकाशातून अग्नी उतरलाय, आणि लगेच ईजबेल राणीची धमकी आली तर तो जीव घेऊन रानात पळाला, एका झुडपाखाली बसला आणि म्हणाला की देवा, आता पुरे, माझा जीव घे. आणि देवाने काय केलं? प्रवचन दिलं नाही. त्याला झोपू दिलं. देवदूताने उठवून निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाणी दिलं, तो परत झोपला, परत उठवून परत खायला दिलं, कारण पुढचा प्रवास तुला झेपायचा नाही म्हणून. प्रश्न नंतर आला, होरेब डोंगरावरच्या गुहेत: एलीया, तू इथे काय करतोयस?

मला हा क्रम फार महत्त्वाचा वाटतो. आधी झोप आणि अन्न, मग प्रश्न. आपण उलटं करतो, दिवसभर नीट जेवत नाही, झोपत नाही, आणि रात्री अकराला देवापुढे कबुलीजबाब द्यायला बसतो. तुमच्या प्रार्थनेत कमी काही नाही. फक्त तिच्यात तो प्रश्न येऊ द्या: मी इथे, फ्रीजसमोर, काय करतेय? उत्तर बहुतेक वेळा खाण्याबद्दल नसतंच. प्रत्यक्ष त्या वेळी काय करायचं ते पुढच्या प्रश्नात.

५. त्या क्षणी, डबा हातात असताना, नक्की कशी प्रार्थना करायची?

किचनमध्ये उभं राहूनच करायची, आल्तारापुढे (घरातल्या देव्हाऱ्यापुढे) जायची गरज नाही, डबा हातात असेल तर असू दे. कुजबुजत का होईना पण तोंडाने, आणि जे झालंय ते नाव घेऊन. "प्रभू मला शांती दे" हे बोलून बोलून इतकं गुळगुळीत झालंय की आपल्यालाच ऐकू येत नाही. त्यापेक्षा "प्रभू, आज जाऊबाई सगळ्यांसमोर माझ्या वजनावरून बोलल्या, मी हसले, पण मला आता रडायला येतंय" हे सांगा. स्तोत्र ६२:८ मध्ये देवापुढे मन मोकळं करा असं आहे, आणि आपण मैत्रिणीशी मन मोकळं करतो तेव्हा काही छापील वाक्यं बोलत नाही ना.

मग पाणी प्या आणि दहा मिनिटं त्या खोलीतून बाहेर जा, बाल्कनीत, अंगणात, कुठेही. लाट असेल तर बऱ्याचदा तेवढ्यात ओसरते.

आणि नाही ओसरली, तरी खावंसंच वाटलं, तर खा, पण ताटलीत काढून, टेबलाशी बसून, आणि आधी क्रूसाची खूण करून जेवणाची प्रार्थना म्हणून. हे ऐकून लोक दचकतात. रात्री साडेअकराला, चोरून आणलेल्या केकवर आशीर्वाद कसा मागायचा? तिथेच तर मागायचा. ज्या घासावर देवाचं नाव घेतलं तो घास लपलेला राहत नाही, आणि लपलेला नसला की चवही लागते आणि पोट भरल्याचंही कळतं. दहा वेळा कराल तेव्हा दोन-तीनदा अर्ध्यावर थांबाल, बाकीच्या वेळी नाही थांबणार. चालू ठेवा.

६. खाऊन झाल्यावर इतकं गिल्ट येतं की दुसऱ्या दिवशी बायबल उघडवत नाही. काय करू?

योहान २१ उघडा, दुसरं काही नको. पेत्राने येशूला तीनदा नाकारलंय, कोळशाच्या शेगडीजवळ उभं राहून. आता पुनरुत्थान झालेला येशू किनाऱ्यावर आहे, परत कोळशाचा विस्तव, त्यावर मासे आणि भाकर, आणि तो म्हणतो या, न्याहारी करा. रात्रभर जाळं टाकून दमलेल्या माणसांना आधी खायला घातलं आणि मग पेत्राला विचारलं, माझ्यावर प्रीती करतोस का. तू असं का केलंस हे विचारलंच नाही. आपल्या किनाऱ्यावर रापणीची (मोठं जाळं ओढून मासे पकडणारी) माणसं बघितलेल्यांना हे चित्र वेगळं समजावून सांगायला नको.

म्हणजे रात्री काहीही झालेलं असो, सकाळी नेहमीसारखा नाश्ता करायचा. शिक्षा म्हणून नाश्ता बुडवायचा नाही, कारण तिथूनच दुसऱ्या रात्रीची तयारी सुरू होते. का ते प्रश्न ७ मध्ये.

७. लेंटमध्ये (ईस्टरआधीच्या उपासाच्या काळात) चाळीस दिवस कडक उपास केला तर ही सवय मोडेल का?

ज्यांना हा त्रास आहे त्यांनी या कारणासाठी कडक उपास करू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

१९४४-४५ मध्ये अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात अँसेल कीज यांनी ३६ तरुणांना सहा महिने अर्धपोटी ठेवून अभ्यास केला होता. हे युद्धात शस्त्र उचलायला नकार दिलेले तरुण होते, त्यात क्वेकर, मेनोनाइट, ब्रेदरन अशा शांतिवादी ख्रिस्ती पंथांचे बरेच जण, म्हणजे श्रद्धेसाठी त्रास सोसायला तयार असलेली माणसं. तरी काही आठवड्यांत त्यांच्या डोक्यात जेवणाशिवाय काही उरलं नाही, ते पाककृती वाचत बसायचे, आणि नंतर पोटभर मिळायला लागल्यावर काहींना खाणं थांबवताच येईना. श्रद्धा पक्की असली तरी उपाशी शरीर आपलं काम करतंच.

चर्चचा नियम पण लोकांना वाटतो तेवढा कडक नाही. कॅथलिकांना सक्तीचा उपास राख बुधवार आणि गुड फ्रायडे एवढाच, १८ पूर्ण झाल्यापासून ५९ पूर्ण होईपर्यंत, आणि त्यातही एक पूर्ण जेवण आणि दोन हलकी खाणी चालतात. आजारी माणसाला सूट आहे. लेंटमध्ये काही सोडायचंच असेल तर लपून खाणं सोडा, म्हणजे चाळीस दिवस जे काही खाल ते ताटलीत, बसून. किंवा दुसऱ्याच्या शरीरावरून बोलणं सोडा. गोव्यात निम्म्या घरांना ते चोरिस (डुकराच्या मांसाचं सॉसेज) सोडण्यापेक्षा जड जाईल.

८. मग बेबिंका, दोदोल अशी गोव्याची मिठाई, चिप्स घरात आणायचंच बंद करू का?

कायमचं बंद करू नका, बंदी घातलेली वस्तूच जास्त बोलावते. पण एकटं असताना मोठं पाकीट घरात ठेवू नका. बेबिंका हवा तर एक तुकडा बेकरीत बसून खा, कोणाबरोबर तरी.

९. नवरा शिपवर असतो, सहा-सात महिने घरात मी आणि टीव्ही. संध्याकाळी खाण्याशिवाय काय करायचं?

हा प्रश्न फक्त खाण्याचा नाहीये बाय, हा एकटेपणाचा आहे, आणि एकटेपणावर एकट्यानेच प्रार्थना हा अर्धाच उपाय. उत्पत्तीच्या दुसऱ्या अध्यायात देव स्वतः म्हणतो की माणूस एकटा असणं बरं नाही, आणि तेव्हा तर पाप जगात आलेलंही नव्हतं.

संध्याकाळी सहा ते आठ ही वेळ बांधून घ्या. वाड्यावर तेर्स (सगळे मिळून म्हणतात ती रोझरी) असेल तर तिथे जा, भाषा कोंकणी आहे म्हणून लाजू नका, मराठीत मनातल्या मनात म्हणा. प्रार्थना ग्रुपमधल्या एकीशी रोज फोन लावायचा ठरवा, आणि त्या फोनवर "जेवलीस का" याच्या पुढचं बोला. शेजारच्या म्हाताऱ्या आंटीला आठवड्यातून एकदा जेवायला बोलवा, कारण दोघांचं जेवण असलं की माणूस भात-आमटी-मासळी नीट करतो, एकटं असलं की बिस्किटांवर भागवतो. नवऱ्याला पण खरं सांगा. तो तिकडे केबिनमध्ये काय खात बसतो ते तुम्हालाही कळेल कदाचित.

१०. फेस्त (चर्चचा सण), लादाइन (घरी किंवा क्रूसापाशी जमून करतात ती प्रार्थना), लग्न, नाताळ... नको म्हटलं तर लोक रागावतात आणि घेतलं तर मला थांबता येत नाही.

जेवून जा. उपाशी पोटी लादाइनीला गेलं आणि समोर चणे, पेटीस, सान्नां आली की कोणीही तुटून पडेल. ताट एकदाच भरा आणि बसून गप्पा मारत खा. आग्रह करणाऱ्याला "पोट भरलं, पण घरी थोडं बांधून द्या" म्हटलं की त्याचा मान राहतो, आणि घरी आल्यावर ते दुसऱ्या दिवशी सगळ्यांबरोबर खायचं. नाताळात घरोघरी जाणाऱ्या कुलकुलं-नेवऱ्यांच्या ताटांचं पण तसंच, आलेलं ताट त्याच दिवशी माणसांत वाटून टाका. ओल्ड गोव्याच्या फेस्ताला खाजे घेतले तर घ्या की, सायबाच्या (सेंट फ्रान्सिस झेवियरच्या) फेस्ताचं खाजं आनंदाने खायचं असतं. सणाचं खाणं बहुतेकांना नडत नाही, सण संपल्यावर रिकाम्या घरात जे होतं ते नडतं, त्यासाठी प्रश्न ९.

११. मी हिंमत करून आमच्या चर्चमध्ये सांगितलं, तर म्हणाले "जिभेवर ताबा ठेव, प्रार्थना वाढव." आता कोणाला सांगावंसं वाटत नाही.

वाईट वाटलं वाचून. १ शमुवेल १ मध्ये हन्नाचं असंच झालंय. मूल नाही म्हणून सवत टोचून बोलते, हन्ना रडते, जेवत नाही (दुःख काहींचं जेवण तोडतं, काहींचं वाढवतं, मूळ तेच), मंदिरात नुसते ओठ हलवत प्रार्थना करते, आणि एली याजकाला वाटतं ही प्यालीय. खुद्द याजकाला ओळखता आलं नाही. पण ती गप्प बसून निघून गेली नाही, तिने सांगितलं की मी प्यालेली नाही, मी दुःखी आहे, मी देवापुढे मन ओतत होते. मग एलीनेच तिला आशीर्वाद दिला, आणि पुढे लिहिलंय की ती जाऊन जेवली आणि तिचा चेहरा उदास राहिला नाही.

तुम्हीही एकदा परत जाऊन खाण्याऐवजी दुःखाबद्दल बोलून बघा: "फादर, मला जिभेचं नाही, मनाचं बोलायचंय." तरी ऐकलं नाही तर दुसऱ्या कोणाशी बोला. एखादी सिस्टर, ग्रुपमधली मोठी बाई, कोणीही जी ऐकल्यावर लगेच उपाय सांगत नाही.

१२. काउन्सेलर किंवा सायकियाट्रिस्टकडे जाणं म्हणजे देवावर विश्वास नाही असं होतं का?

दात दुखला की आपण डेंटिस्टकडे जातो आणि वाटेत प्रार्थनाही करतो. लूक स्वतः वैद्य होता, पौल त्याला प्रिय वैद्य म्हणतो.

काही गोष्टी दिसल्या तर मात्र थांबू नका. थोड्या वेळात खूप जास्त खाणं आणि थांबवता न येणं हे आठवड्यातून निदान एकदा आणि तीन महिने चाललंय, तर त्याला डॉक्टर बिंज इटिंग डिसऑर्डर म्हणतात, तो आजार आहे आणि त्यावर उपचार आहेत. खाऊन मुद्दाम उलटी करत असाल किंवा जुलाबाच्या गोळ्या घेत असाल तर ताबडतोब जा, त्याने शरीरातलं पोटॅशियम घसरून हृदयाचे ठोके बिघडू शकतात. जगावंसं वाटत नाही असं मनात आलं तर त्याच दिवशी. बांबोळीला आयपीएचबी हे सरकारी मनोरुग्णालय आहे, आणि टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा फुकट नंबर चोवीस तास चालतो, मराठीत बोलता येतं. कधीकधी नवीन औषधानेही भूक वाढते, स्टेरॉइडने तर बऱ्याचदा, तेव्हा चालू गोळ्यांची यादी दाखवा, पण मनाने गोळी बंद करू नका.

१३. मला डायबिटीस आहे, इन्सुलिन घेते. उपास, कम्युनियनच्या (चर्चमध्ये पवित्र भाकर घेण्याच्या) आधी न खाणं, हे कसं करायचं?

इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारख्या गोळीवर असताना जेवण चुकवलं की साखर धोकादायक खाली जाऊ शकते. घाम, थरथर, एकदम कडकडून भूक, डोकं न चालणं. ही भूक मनाची नाही, तिथे दहा मिनिटं थांबायचं नाही, प्रश्न ५ इथे लागू नाही. लगेच तीन चमचे साखर पाण्यात घालून प्या, मिसमध्ये (चर्चच्या उपासनेत) असाल तरी. कम्युनियनच्या आधीचा उपास एक तासाचा आहे, पाणी आणि औषध त्यात चालतं, आणि म्हातारी-आजारी माणसं व त्यांची काळजी घेणारे यांना तोही लागू नाही. पर्समध्ये गोड गोळी किंवा साखर ठेवायला लाजू नका. मोठा उपास करायचा असेल तर आधी डॉक्टर.

१४. हे सगळं केलं तर वजन कमी होईल का?

होईलही, नाहीही. मी ते वचन देत नाही आणि देवाच्या नावाने तर कोणीच देऊ नये. वजनकाटा रोज बघणं बंद करून बघा.

१५. माझी पंधरा वर्षांची मुलगी लपून खाते, गादीखाली रॅपर सापडले. ओरडू का?

ओरडू नका, आणि रॅपर टेबलावर मांडून घरच्यांसमोर हजेरी तर मुळीच घेऊ नका. तिला एकटीला गाठून, शक्यतो गाडीत किंवा चालताना, म्हणा की "मला रॅपर दिसले, मी रागावले नाही, तुला काही त्रास होतोय का?" आणि मग गप्प बसा, ती गप्प राहिली तरी. शाळेत कोणी चिडवतंय का ते बघा. घरात "जाडी", "म्हैस" असली हाक कोणी मारत असेल, मामा असो की आजी असो, ती त्या दिवशी बंद करा. रात्रीचं जेवण सगळ्यांनी एकत्र, मोबाईल बाजूला ठेवून. देव तुला शिक्षा करेल हे वाक्य तिच्यापुढे कधीच नको, नाहीतर ती खाण्याबरोबर देवही लपवायला शिकेल. उलट्या करतेय असा संशय आला तर प्रश्न १२.

१६. मी हिंदू आहे, दरवर्षी म्हापशाच्या मिलाग्र सायबिणीला (चमत्कारांची माता मरिया) तेल घालायला जातो. मला यातलं काही चालेल का?

चालेल की. ग्रुपमध्ये येऊन बसा, धर्म बदला असं कोणी म्हणणार नाही. प्रश्न ५ मधलं मन मोकळं करणं तुम्ही तुमच्या शब्दांत करा, मी मात्र ते येशूपुढे करते आणि तुम्ही विचारलंत तर त्याचंच नाव सांगणार. भूक ओळखणं, नीट जेवणं, कोणालातरी सांगणं हे तर सगळ्यांना सारखंच. फक्त चतुर्थी-एकादशीचे उपास करत असाल आणि डायबिटीसची गोळी चालू असेल तर प्रश्न १३ आधी वाचा आणि या आठवड्यातच डॉक्टरांना विचारून घ्या.